उंदीर बरे झाले, मग माझी मुलगी का नाही?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. दीड वर्षाची होईपर्यंत ती दोन-चार शब्द बोलायची, हाताने खाऊ उचलायची. मग ते सगळं गेलं. तपासणीत रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा जनुकीय आजार निघाला. ‘नॉकआउट’ उंदरांमध्ये हा आजार २००७ मध्येच उलटवला, असं वाचलं. मग अजून माणसांसाठी का नाही?

उत्तर : ताई, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण अशा बातमीतून एक तपशील हमखास गळतो.

नॉकआउट उंदीर म्हणजे ज्याचं एखादं ठरावीक जनुक मुद्दाम बंद पाडलंय असा उंदीर. जनुक गेल्यावर काय बिघडतं, ते पाहायचं आणि त्यावरून ते काय काम करत होतं ते ओळखायचं. तुमच्या मुलीच्या आजारामागे एमईसीपी२ हे जनुक आहे, हे हुदा झोगबी यांच्या गटाने १९९९ मध्ये शोधलं. २००१ पर्यंत ते नसलेले उंदीर तयार झाले. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत उंदीर सांभाळले, त्यात हेही होते. नर पिल्लं पहिले काही आठवडे अगदी धडधाकट दिसतात. नंतर एक दिवस शेपटीला धरून उचललं, की निरोगी उंदीर मागचे पाय फाकवतो, हे मात्र पाय पोटाशी आवळून घेतात. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता २००७. एड्रियन बर्ड यांच्या गटाचे उंदीर थोडे वेगळे होते. त्यांचं जनुक शाबूत होतं, फक्त त्यात आधीच एक अडसर घातलेला होता. टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं की अडसर निघायचा. आजारी उंदीर सुधारले. म्हणजे मेंदूच्या पेशी मेल्या नव्हत्या, नुसत्या अडून बसल्या होत्या. ही फार मोठी गोष्ट होती. पण तो अडसर शास्त्रज्ञांनी उंदीर जन्मण्याआधीच बसवला होता. तुमच्या लेकीच्या जनुकात काढायला अडसर नाही, तिथली अक्षरंच चुकली आहेत.

शिवाय जनुक एकदम सुरू केलेल्या उंदरांपैकी निम्म्याच्या आसपास दगावले. हळूहळू सुरू केलेले तगले. या जनुकाची मात्रा जास्त झाली तरी वेगळाच गंभीर आजार होतो. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू असतं, म्हणून तिच्या काही पेशींत चांगलं जनुक काम करतंय. बाहेरून जनुक घालायचं, तर ते या चांगल्या पेशींतही जाणार आणि तिथे मात्रा जास्त होणार. उशीर मुख्यतः इथे होतोय.

(आणि उंदीर दर वेळी माणसासारखा वागेलच असंही नाही. लेश-नायहान आजारात मुलं स्वतःचे ओठ, बोटं चावतात. १९८७ मध्ये त्या आजारामागच्या जनुकाशिवायचे उंदीर तयार केले, तर ते मजेत हिंडत होते.)

काहीच झालं नाही, असं मात्र नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला रेटसाठी मान्यता मिळाली. ते जनुक दुरुस्त करत नाही, काही लक्षणं थोडी हलकी करतं. जनुक-उपचाराच्या माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या आहेत. त्याबद्दल डॉक्टरांना विचाराल, तेव्हा जनुक-तपासणीचा रिपोर्ट सोबत न्या. एमईसीपी२मध्ये नेमका कोणता बदल आहे, ती ओळ त्यातच असते.