प्लेसमार्क डोळ्यांना दिसतंय, कोडला सापडत नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आमच्या तालुक्यातल्या जागा, म्हणजे हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती जागा, नंदगड वगैरे गूगल अर्थवर मार्क करून केएमएल फाइल (नकाशावरच्या जागांची एक्सएमएल फाइल) काढली. पायथॉनमध्ये एलिमेंटट्री या एक्सएमएल वाचायच्या लायब्ररीने वाचली तर प्लेसमार्कची, म्हणजे मार्क केलेल्या जागांच्या टॅगांची, लिस्ट रिकामीच येते, एरर पण नाही. नोटपॅडमध्ये सगळे टॅग दिसतात की! मैत्रीण म्हणते वरचं एक्सएमएलएनएस पुसून टाक, लगेच चालतंय. पुसू का?
— विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : पुसू नको गं. फाइल बरोबर आहे, तुझं शोधणं अर्धवट आहे.

फाइलीच्या पहिल्या टॅगात एक्सएमएलएनएस म्हणून ओपनजीआयएसचा पत्ता आहे बघ, शेवटी केएमएल २.२ असलेला, तो डिफॉल्ट नेमस्पेस, म्हणजे टॅगांची नावं कुठल्या घरची ते सांगणारा पत्ता. दारावर एकदा पाटील अशी पाटी लावली की आतली पोरं न सांगता पाटीलच, तसं त्या टॅगाच्या आतले प्रीफिक्स (नावाआधी कोलन लावून येणारं छोटं नाव) नसलेले सगळे टॅग त्या नेमस्पेसचे होतात. म्हणजे लायब्ररीच्या लेखी तुझ्या टॅगाचं नाव नुसतं प्लेसमार्क नाहीच, महिरपी कंसात तो अख्खा पत्ता आणि त्याला चिकटून प्लेसमार्क, असं आहे. तू नुसतं प्लेसमार्क मागितलंस, त्या नावाचा टॅग फाइलीत नाही, म्हणून रिकामी लिस्ट आली, यात एरर कसली येणार?

उपाय सोपा आहे, एक डिक्शनरी कर, त्यात के हे प्रीफिक्स आणि समोर तो पत्ता, आणि फाइंडऑल या शोधायच्या फंक्शनला ती डिक्शनरी देऊन के कोलन प्लेसमार्क शोध, आधी डॉट आणि दोन स्लॅश घालायला विसरू नको, नाहीतर फक्त थेट मुलंच तपासली जातात. फाइलीत के कुठंच नाही म्हणून घाबरू नको, प्रीफिक्स आपल्या मर्जीचं, जुळायला पाहिजे तो पत्ता, आणि तो अक्षरन् अक्षर जुळायला पाहिजे. जुन्या केएमएल फाइलींत अर्थ डॉट गूगलवाला वेगळा पत्ता असतो, तिथं हेच कोड परत रिकामी लिस्ट देईल. पायथॉन ३.८ पासून महिरपी कंसात चांदणी टाकून कुठलाही नेमस्पेस चालवून घेता येतो, मिसळ फाइली असतील तर ते वापर.

उद्या एलएक्सएमएल या दुसऱ्या लायब्ररीवर गेलीस तर त्याच्या एक्सपाथला (एक्सएमएलमध्ये टॅग शोधायच्या भाषेला) रिकामं प्रीफिक्स चालत नाही. तिथं एक्सपाथ १.० आहे, १९९९ चं, त्यात प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे नेमस्पेस नसलेलंच नाव, त्यामुळं के द्यायलाच लागतंय. अ‍ॅट्रिब्यूटला मात्र डिफॉल्ट नेमस्पेस लागू होत नाही, प्लेसमार्कचा आयडी नुसता आयडी म्हणूनच माग.

पुसण्याबद्दल सांगतो. केएमएल हे ओजीसी, म्हणजे ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेचं स्टँडर्ड आहे, नेमस्पेस काढलास की नियमाप्रमाणे ती केएमएल राहत नाही, आणि त्या भरात जीएक्सची (गूगलच्या जादा टॅगांच्या नेमस्पेसची) ओळ पण उडाली नि आत जीएक्सचे टॅग राहिले तर पार्सर फाइल वाचणारच नाही. दुसऱ्याला द्यायची फाइल अशी मोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

परत सेव्ह करताना सगळीकडे एनएस० असं प्रीफिक्स दिसलं तर ते चुकीचं नाही, पण वाचवत नाही. सेव्हच्या आधी एलिमेंटट्रीच्या रजिस्टर नेमस्पेस या फंक्शनला रिकामं प्रीफिक्स आणि तोच पत्ता दे. आणि कोऑर्डिनेट्समध्ये आधी रेखांश असतो, मग अक्षांश, म्हणजे खानापूरला ७४.५ आधी आणि १५.६ नंतर, ते उलटं वाचू नको.