आमचे हे पीएसआय आहेत, त्यांना आमदार व्हायचंय

प्रश्न : ताई, माझे मिस्टर पोलीस खात्यात आहेत, 2002 ची भरती, शिपाई म्हणून लागले, आता पीएसआय आहेत ठाण्याला. गेलं वर्षभर डोक्यात आमदारकीच बसलीय. मंडळाच्या पोरांनी गावात 'भावी आमदार' म्हणून बॅनरपण लावला. म्हणतात राजीनामा टाकतो आणि कामाला लागतो. दोन मुलं शिकतायत, मला रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : वहिनी, पहिला तो बॅनर आजच्या आज उतरवायला सांगा. नोकरीत असताना राजकारणात पडायला वर्तणूक नियमांनी बंदी आहे, कोणी फोटो काढून वर पाठवला आणि खात्याची चौकशी लागली तर पुढचं सगळं अडकेल.

आणि राजीनामा हा शब्द तर घरात काढूच देऊ नका! राजीनामा दिला की मागची सगळी सर्व्हिस पाण्यात, पेन्शन नाही. त्यांची भरती 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची म्हणजे जुनी पेन्शन, त्यात 20 वर्षं भरलीत, मग तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन शाबूत राहते. कार्यमुक्त झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय उमेदवारी अर्ज भरायचा नाही, सरकारी पगार चालू असला तर अर्ज छाननीतच उडतो. डिपॉझिट 10 हजारच आहे हो, पण खर्चाची मर्यादा 40 लाख, तेव्हा ग्रॅच्युइटीच्या पैशाला हात लावायचा नाही हे आत्ताच ठरवून घ्या.

आता माझं मत. पोलीस हा राज्याचा विषय, गृहखात्याचा पैसा विधानसभेत मंजूर होतो, त्यामुळे पोलीस वसाहतीतली गळकी घरं, ड्युटीचे तास, सागरी पोलिसांच्या बोटी हे सगळं बोलायची जागा तीच. 1993 ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स आपल्या कोकणातच, रायगडमधल्या शेखाडीला उतरलं होतं, हा किनारा किती उघडा आहे ते ज्याने रात्रीची गस्त घातलीय त्यालाच कळतं, आणि असा माणूस तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) विचारायला उभा राहिला तर मंत्र्यांना गोलगोल उत्तर देणं जड जाईल. मला असे लोक तिथे हवेत, अगदी मनापासून हवेत.

पण वर्दीच्या नावावर मतं पडतात असं समजू नका. 2019 ला नालासोपाऱ्यात प्रदीप शर्मा, मुंबईचे एन्काउंटर फेम पोलीस अधिकारी, एवढं गाजलेलं नाव, नोकरी सोडून शिवसेनेकडून उभे राहिले आणि क्षितिज ठाकूरांकडून हरले. तुमच्या मिस्टरांची अडचण तर अजून वेगळी आहे. गणपतीला अख्खं कोकण गावी येतं, वाडीवाडीत आरतीला माणसं बसतात, कोणाचं काय अडलंय ते तिथेच कळतं, आणि पोलिसाला नेमकी तेव्हाच सुट्टी नाही, ते तिकडे विसर्जनाच्या बंदोबस्ताला उभे. इतकी वर्षं! गावाला ते फक्त 'अमक्याचा मुलगा, पोलिसात आहे' एवढेच माहीत असणार. यात त्यांची काही चूक नाही, पण मत मागायला एवढी ओळख पुरत नाही.

पुढची विधानसभा 2029 ला आहे, घाई कशाला? त्यांना सांगा, सुट्टी मिळेल तेव्हा दापोली, मंडणगड आणि मतदारसंघातल्या खेडच्या भागात एकटे फिरा, पोरं आणि गाड्या बरोबर नकोत. हर्णै बंदरात एलईडी मासेमारीवरून (प्रखर दिवे लावून मासे गोळा करून पकडायचे) चाललेली भांडणं दोन्ही बाजूंनी ऐकून घ्या, साहेब म्हणून निवाडा करायला बसू नका. सहा महिने हे जमलं आणि तरीही त्यांचं मन तिथेच असलं, तर नोटीसचा मसुदा करायला घ्या, आणि पेन्शनची कागदपत्रं तुम्ही स्वतः एकदा वाचून ठेवा.