उलटलेली मोटर लाइफबोट आपोआप सरळ कशी होते?

अमेरिकी तटरक्षक दलाची मोटर लाइफबोट लाटेने पूर्ण उलटली तरी काही क्षणांत सरळ होते, तर त्यासाठी तिच्यात एखादे यंत्र बसवलेले असते का, असे आपण विचारले आहे. असे कोणतेही यंत्र नसते. हे काम बोटीचा आकार आणि तिच्यातील वजनाची मांडणीच करते, आणि ऐन वेळी बिघडेल असा सुटा भागच त्यात नसल्यामुळे मला ही रचना फार मोलाची वाटते.

सध्या वापरात असलेली ४७ फुटी बोट पाहा. ती अ‍ॅल्युमिनियमची असून तिची दोन डिझेल इंजिने (मूळ रचनेत प्रत्येकी ४३५ अश्वशक्तीची) डेकच्या खाली, तळाशी बसवलेली आहेत, तर वरची केबिन हलकी आणि पाणी आत शिरणार नाही अशी घट्ट बंद होणारी आहे. बोट उलटली की जड इंजिने वर जातात आणि हवेने भरलेली केबिन पाण्याखाली दाबली जाते. पाणी केबिनला वर ढकलत असते, इंजिनांचा भार खाली ओढत असतो, त्यामुळे बोट जराशी जरी कलली तरी ही दोन्ही बले मिळून तिला एकाच दिशेने फिरवतात आणि ती १० सेकंदांच्या आत सरळ होते. रुंद, उघड्या होडीचे याच्या नेमके उलट असते. ती एकदा पालथी पडली की तशीच स्थिर राहते. डेक बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवलेला असल्यामुळे त्यावर आलेले पाणी बाजूच्या भोकांतून आपोआप वाहून जाते, त्यासाठीही पंप लागत नाही.

हे तत्त्व जुनेच आहे. १८ फेब्रुवारी १९५२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील चॅथमजवळ ‘पेंडलटन’ हे तेलवाहू जहाज वादळात दुभंगले, तेव्हा बर्नार्ड वेबर आणि त्यांच्या तीन साथीदारांनी ज्या ३६ फुटी लाकडी बोटीतून ३२ जणांना वाचवले, तीही स्वतःहून सरळ होणारी होती आणि तिच्या तळाला कांशाचे सुमारे ९०० किलोचे वजन होते. तिची उणीव इंजिनात होती. बोट फार कलली की इंधनाचा पुरवठा तुटून ते बंद पडे, आणि त्या रात्री उसळत्या लाटांत एका साथीदाराला आत सरपटत जाऊन ते पुन्हा सुरू करावे लागले.

आजच्या बोटीतही दोन गोष्टी माणसांवरच सोपवलेल्या आहेत. बोटीबरोबर खलाशीही पाण्याखाली जातात, म्हणून बोट चालवण्याच्या वरच्या उघड्या जागेत उभ्या असलेल्यांनी स्वतःला पट्ट्याने बोटीला जखडून घ्यायचे असते. दुसरी गोष्ट केबिनच्या दाराची : ते उघडे राहिले आणि आत पाणी भरले, तर बोटीला फिरवणारी हवाच नाहीशी होते आणि ती पालथीच राहू शकते.