तुझा तास कितीला विकला जातो?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू काल रात्री पाठवलेला मजकूर मी सावकाश वाचला. ह्यूस्टनच्या कार्यालयातील ज्या ज्येष्ठ पाइपिंग डिझायनरकडून, म्हणजे कारखान्यातल्या नळांची आखणी करणाऱ्याकडून, तू सध्या काम समजून घेत आहेस, त्याची नोकरी हे काम वडोदऱ्याला तुझ्याकडे हस्तांतरित होताच जाणार आहे. ही बातमी तुला त्याच्याच तोंडून कळली आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे. एका परिच्छेदात तू स्वतःला त्याच्या पोटावर पाय देणारा म्हणतोस. पुढच्याच परिच्छेदात, त्याच कामाबद्दल तुला त्याच्या पगाराचा लहानसा तुकडा मिळतो म्हणून, स्वतःला नाडला गेलेला ठरवतोस. शेवटी राजीनामा द्यावा की कॅनडाचे अर्ज भरावेत, असे विचारतोस. एवढ्या लांब मजकुरात एक आकडा मात्र कुठेच नाही. तुझा एक तास ग्राहकाला कितीला विकला जातो?

तो तुला माहीत नाही, हे मी जाणून आहे. तुझ्या मजल्यावरील बहुतेकांना तो माहीत नसतो. स्वतःचा वार्षिक पगार, त्यातला भविष्य निर्वाह निधी, जेवणाची कुपने, सगळे तोंडपाठ. आणि ज्या मालावर हे सगळे उभे आहे त्याचा भाव विचारला की माना खाली.

आपल्या धंद्यात माल म्हणजे तास. प्रकल्प रिफायनरीचा असो वा खताच्या कारखान्याचा, निविदा भरताना किती आयसोमेट्रिक (एकेका पाइपचे ड्रॉइंग), किती पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा जोडणी-आराखडा), किती मॉडेल रिव्ह्यू (संगणकावरील प्रतिकृतीची तपासणी) यांवरून मॅन-अवर, म्हणजे माणशी तास, काढले जातात, त्यांतले किती तिकडे आणि किती वडोदऱ्यात करायचे ते ठरते, आणि मग दोन्हीकडचे दर मिसळून ग्राहकापुढे एक आकडा ठेवला जातो. म्हणजे तुझ्या एकाच तासाचे निदान तीन भाव आहेत: ग्राहक मोजतो तो, तिकडची मुख्य कंपनी इकडच्या उपकंपनीला देते तो, आणि तुझ्या पगारपत्रकातून निघतो तो. पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधल्या रकमेत इमारत आहे, सॉफ्टवेअरचे महागडे परवाने आहेत, विमा आहे, चुकलेल्या ड्रॉइंगची जोखीम आहे. हे खर्च खरे आहेत आणि मी ते नाकारत नाही. ते वजा करूनही काही उरते. ते किती आणि कोणाकडे, हे विचारल्याखेरीज तू चोर आहेस की नाडला गेलेला आहेस, याचा निवाडा होणार तरी कसा?

इकडची उपकंपनी बहुधा खर्च अधिक ठराविक टक्के या बोलीवर चालते. खर्च कमी म्हणून त्यावरचे टक्केही थोडेच, आणि बाकीचा नफा मुख्य कंपनीच्या देशात किंवा तिला सोयीच्या तिसऱ्याच देशात उमटतो. म्हणून तर आयकर कायद्यात समूहातील कंपन्यांच्या आपसांतील व्यवहारांची किंमत तपासण्याचे नियम आहेत आणि २०१३ पासून किमान किती टक्के नफा दाखवला म्हणजे खाते आक्षेप घेणार नाही, याचे सेफ हार्बर नियमही आहेत. सरकारला स्वतःच्या कराच्या वाट्यासाठी हा प्रश्न पडतो. तुला तुझ्या वाट्यासाठी तो पडत नाही, याचेच मला नवल वाटते.

वडोदऱ्यात राहून तो न पडावा, हे तर मला विशेष खटकते. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये इथल्याच बडोदे संस्थानाचे दिवाण होते. रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये सयाजीरावांकडे महसूलमंत्री म्हणून आले, पुढे दिवाण झाले आणि १९०९ मध्ये याच शहरात वारले. हिंदुस्थान दरिद्री का, या प्रश्नाचे उत्तर हे दोघेही सरकारी तक्त्यांत शोधत बसले: देशातून इतका माल बाहेर जातो, त्याच्या मोलाचे परत येत नाही, तर मधला फरक ठेवतो कोण? त्यांच्या आकडेमोडीतील बऱ्याच गोष्टींवर पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी वाद घातले आणि ते ठीकच झाले. तुझी नोकरी म्हणजे वसाहतीची लूट, असेही मला म्हणायचे नाही. तू आपखुशीने गेलास आणि पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो. पण हिशेब मागण्यासाठी आधी लूट व्हावीच लागते, असे थोडेच आहे?

आता त्या ह्यूस्टनच्या गृहस्थाकडे वळू. त्याचा तास महाग आहे तो त्याला पाइप स्ट्रेस, म्हणजे पाइपांवर येणारा ताण, तुझ्याहून अधिक कळतो म्हणून नव्हे, जरी तो अधिक कळत असेल आणि तू ते शिकून घ्यायला हवेस. रावपुऱ्यातला न्हावी आणि ह्यूस्टनमधला न्हावी सारख्याच वेळात केस कापतात. तरी तिकडच्याला कितीतरी पट मिळते, कारण त्याच्या देशातील इतर उद्योगांची उत्पादकता सगळ्यांचीच मजुरी वर ओढून धरते. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्येच हे मांडले. ब्रँको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले की जगभरच्या माणसांच्या उत्पन्नांतील तफावतीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग माणूस कोणत्या देशात राहतो एवढ्यावरूनच उलगडतो. तेव्हा त्याच्या पगारापुढे दबून जाण्याचे कारण नाही, आणि तुझ्या पगाराबद्दल कोणाचे उपकार मानण्याचेही नाही. इकडे राहणे स्वस्त आहे हा युक्तिवाद तुझे व्यवस्थापक करतील. गोत्रीतल्या फ्लॅटच्या भाड्यापुरता तो खरा आहे. तुझ्या लॅपटॉपला, तुझ्या बहिणीच्या परदेशी शिक्षणाला किंवा पेट्रोलला मात्र कोणी वडोदऱ्याचा दर लावत नाही.

ही तफावत टिकते ती सीमेमुळे. तुझे ड्रॉइंग क्षणात समुद्र ओलांडते. तुला ओलांडता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले आणि त्याच महिन्यात, बाहेर पाठवलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर लावावा, असे विधेयक अमेरिकेच्या सेनेटमध्ये मांडले गेले. माणूस येऊ द्यायचा नाही आणि कामही जाऊ द्यायचे नाही, अशी ही दुहेरी भिंत आहे. तुझा संताप मला समजतो. पण तिकडचे लोक केवळ स्वार्थाने बोलतात म्हणून त्यांच्याशी आपला संबंध नाही, हे तुझे वाक्य मला मुळीच पटले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लँकेशायरच्या गिरणीमालकांनी मुंबईच्या गिरण्यांना कारखाना कायदा लावा असा आग्रह लंडनमध्ये धरला. तो काही परळच्या पोरांच्या कळवळ्याने नव्हता. लांब दिवस आणि स्वस्त मजुरी यांच्या स्पर्धेने त्यांना धडकी भरली होती. इकडचे कित्येक देशाभिमानी लोक मालकांच्या बाजूने उभे राहिले आणि हा कायदा म्हणजे स्वदेशी धंदा बुडवण्याचा डाव आहे असे म्हणू लागले. डाव होताच. तरीही कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या, हजारोंच्या सह्या घेतल्या, सरकारच्या आयोगापुढे मागण्या मांडल्या आणि १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवली. लँकेशायरच्या मालकांचे मन शुद्ध होण्याची वाट ते पाहत बसले नाहीत. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली, त्यानंतर जागतिक कामगार संघटनांनी युरोपातल्या मोठ्या कपडे कंपन्यांना कायद्याने बांधील अशा सुरक्षा करारावर सही करायला लावली, तेव्हाही तिकडचे कामगार आणि ग्राहक उपयोगी पडलेच.

म्हणून त्या गृहस्थासमोर कसेनुसे तोंड करून बसू नकोस. त्याला सरळ विचार: तुमचा तास कितीला विकला जात होता? त्याला तो बहुधा ठाऊक असेल, आणि ज्याची नोकरी चाललीच आहे तो लपवणार तरी कशाला? त्याचा महाग तास गेला, तुझा स्वस्त तास आला, आणि ग्राहकाचे बिल त्या प्रमाणात उतरले का, हे तुम्ही दोघे मिळून जितके नेमके सांगू शकाल तितके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. आयफोनचे गणित तुझ्या वाचनात आले असेलच: २०१० च्या मॉडेलच्या विक्री-किमतीत चीनमधील मजुरीचा वाटा २ टक्क्यांहूनही कमी आणि ॲपलचा नफा निम्म्याहून अधिक, असे अभ्यासकांनी काढले होते. आपल्या धंद्याचे तसे गणित कोणी मांडलेले मी पाहिले नाही. कोण मांडणार, तर ज्यांचे तास आहेत ते.

तू म्हणशील, मावशीचे हे जुनेच तुणतुणे आहे. आहे. इथल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडून मी ड्रॉइंग बोर्डाशी उभी राहिले तेव्हा कार्यालयात बायका मोजक्याच होत्या आणि सगळे मला बेन म्हणत. पुढे काम परदेशी प्रकल्पांचे झाले, बोर्ड जाऊन पडदा आला, आणि मी एका वार्षिक बैठकीत सर्वांसमोर विचारले की आमच्या तासाचा दर काय लावता. साहेब हसले. पुढे लीडची, म्हणजे गटप्रमुखाची, जागा दुसऱ्याला मिळाली, त्याच्यापुढची तिसऱ्याला. बेनने तोंड आवरले असते तर कुठल्या कुठे गेली असती, असे तुझे वडीलसुद्धा म्हणत. त्यांना मी तेव्हाही सांगितले होते आणि तुलाही सांगते की ती जागा मला तोंड आवरूनही मिळाली नसती. ड्रॉइंगवरील सह्यांच्या चौकटीत, म्हणजे टायटल ब्लॉकमध्ये, आखणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे आणि मंजुरी देणाऱ्याचे, अशी तीन घरे असतात. माझी आद्याक्षरे पहिल्या दोन घरांत आयुष्यभर पडली. तिसरे घर नेहमी तिकडे भरले जाई, आणि चढा दर त्या घराला होता. अमेरिकेत अनेक प्रकारच्या आराखड्यांवर त्या त्या राज्याचा परवाना असलेल्या अभियंत्याचा शिक्का लागतो. तो शिक्का ज्याच्याकडे, जबाबदारी त्याची आणि भावही त्याचा. तिसऱ्या घरात एकदाही सही करता आली नाही, ही खंत माझी आहे आणि ती राहणार. प्रश्न विचारल्याची खंत मात्र नाही.

राजीनाम्याचा विचार आधी डोक्यातून काढ. तुझी जागा दुसऱ्या दिवशी भरली जाईल आणि त्या गृहस्थाला त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही. कॅनडाला जायचे तर जा, पण तिथेही तुझा तास विकलाच जाणार आहे; भाव न विचारण्याची सवय बरोबर घेऊन गेलास तर बदलेल ती फक्त हवा. हस्तांतर मन लावून पुरे कर, त्याच्या नोंदींवर त्याचे नाव ठेव, आणि केवळ मॉडेलिंग न मागता तपासणीचे आणि ग्राहकाशी थेट बोलण्याचे काम लेखी माग. नुसता स्वस्त म्हणून ज्याला घेतले जाते, त्याला त्याहून स्वस्त कोणी सापडला की सोडले जाते. आणि तो स्वस्त गडी मनिलातलाच असेल असे नाही. आपोआप पाइप टाकणारे सॉफ्टवेअर आजच आयसोमेट्रिकचे तास घटवते आहे. लम्पसम, म्हणजे एकरकमी ठरलेल्या, कंत्राटात वाचलेला प्रत्येक तास कंपनीच्या खात्यात जातो, हे लक्षात ठेव आणि पुढच्या पगारवाढीच्या बोलण्यात काढ.

कंपनीचे गोपनीय कागद उघडू नकोस. त्यांची गरजही नाही. तुझ्या उपकंपनीचे वार्षिक हिशेब कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडके शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. गेल्या तीन वर्षांचे उतरवून रविवारी दांडिया बाजारात माझ्याकडे घेऊन ये, आणि तुझ्याबरोबर त्याच गोंधळात असलेले आणखी दोघे-चौघे असतील तर त्यांनाही आण. कर्मचाऱ्यांवरचा खर्च कुठे असतो आणि मुख्य कंपनीशी झालेल्या व्यवहारांची टीप कुठे दडवलेली असते, ते मी दाखवीन. एकूण तासांचा अंदाज मात्र तुम्हालाच बांधावा लागेल, तेव्हा किती माणसे किती प्रकल्पांवर आहेत ते आधी नीट विचारून या.

तुझी,
मावशी