बांगडा खाल्ल्यावर चेहरा लाल होऊन खाज सुटते. जास्त शिजवला तर चालेल का?

नाही, जास्त शिजवून फरक पडणार नाही. बांगडा ताजाच हवा. हा बहुधा हिस्टामीनचा, म्हणजे ॲलर्जीसारखी लक्षणं आणणाऱ्या रसायनाचा त्रास आहे, डॉक्टर त्याला स्कॉम्ब्रॉइड विषबाधा म्हणतात. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) भरपूर असतं. मासा बर्फाविना पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, आणि ते एकदा तयार झालं की तळून जात नाही, तिखल्यात उकळून नाही, फ्रीझरमध्ये ठेवूनही नाही. तिरफळ-कोकमाने फार तर वास झाकला जाईल. कुपा, तारली यांचंही हेच.

घेताना कल्ले उचलून बघा, आत लालभडक हवेत, तपकिरी नकोत. बोटाने दाबल्यावर खळगा राहिला किंवा पोट फुटलेलं दिसलं तर तो वाटा सोडा, कितीही स्वस्त असो. बाजारातून येतानाही बर्फ मागून घ्या आणि घरी आल्या आल्या साफ करून थंड करा. ओमेगा-३ देणारा इतका परवडणारा मासा कायमचा सोडावा लागू नये असं मनापासून वाटतं.

मात्र खात्रीचा ताजा बांगडा खाऊनही असंच होत असेल तर ॲलर्जी असू शकते. तपासणी होईपर्यंत मासे बंद ठेवा. ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठा.