वाचकांचे प्रश्न : युद्धात झाडांना कोण वाचवतं?

प्रश्न : बातम्यांत जळणाऱ्या बागा पाहून झोप लागत नाही. झाडांसाठी काही कायदा आहे का?
– एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजी, आहे, आणि फार जुनाही आहे. पहिले खलिफा अबू बक्र यांनी शामकडे (आजच्या सीरियाच्या बाजूला) निघालेल्या सैन्याला बजावल्याची नोंद आहे : फळझाडं तोडू नका, मधमाश्या जाळू नका, खाण्यापुरतं सोडून मेंढ्या-उंट मारू नका. मधमाश्यांची आठवण ठेवणारा तो हुकूम वाचताना माझा गळा दाटतो. युद्धाची निकड असेल तर सूट द्यावी का, यावर पुढच्या इस्लामी कायदेपंडितांत मतभेद झाले.

युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांचा 1977चा पहिला पूरक करार निसर्गाची 'व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर' हानी करायला मनाई करतो. कायदा शिकवताना मी फळ्यावर तो 'आणि' अधोरेखित करायचो. तिन्ही गोष्टी एकदम सिद्ध करायच्या! निसर्गालाच शस्त्र बनवण्याविरुद्धच्या 1976च्या करारात तिथे 'किंवा' आहे. मला तोच शब्द योग्य वाटतो. भारत 1976च्या करारात आहे, 1977च्या नाही.

कुवेतमध्ये 1991 साली इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. त्याच वर्षी सुरक्षा परिषदेने ठराव 687 करून पर्यावरणाच्या हानीची भरपाईही इराकवर टाकली.