हंगाम आणि हंगामा

रत्नागिरीच्या एका वाचकाने विचारलंय: ‘आंब्याचा हंगाम’, विधानसभेतले ‘हंगामी अध्यक्ष’ आणि हिंदीतला ‘हंगामा’ ही एकाच घरातली मंडळी, की नुसतं नादसाम्य?

एकाच घरातली. फारसीत ‘हंगाम’ म्हणजे वेळ, ऋतू. त्याचंच भावंड ‘हंगामा’ म्हणजे जमाव, आणि जमाव म्हटला की गलका आलाच. हिंदीने गलका तेवढा उचलला. जमावाचा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे, पण घाटावर. नगर-पुण्याकडे जत्रेत कुस्त्यांचा ‘हगामा’ भरतो. बाजार भरतो तसाच.

कोकणातला हंगाम भरत नाही. तो साधतो, नाहीतर हातचा जातो. उन्हाळा सगळ्यांना येतो, हंगाम ज्याचा मोहोर टिकला त्याला. म्हणून ‘आंब्याचा ऋतू’ कानाला खटकतं. आणि बागायतदाराला ‘यंदा हंगाम कसा?’ विचारा, तो तारखा सांगत बसत नाही, पेट्या सांगतो. म्हणजे इथे शब्दाचा अर्थ वेळेवरून सरकून उत्पन्नावर आलेला असतो. मासेमारीतही तेच. १ जून ते ३१ जुलै बंदी, १ ऑगस्टला कागदावर हंगाम सुरू. पण दर्या खवळलेला असला तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या नौका धक्क्यालाच, आणि जुनी मंडळी नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. बंदी उठली एवढ्याने हंगाम लागत नाही.

‘हंगामी’ची गंमत वेगळी. बागेत राखणीला येणारे नेपाळी कामगार, नौकांवरचे खलाशी हे हंगामी, कारण ते हंगामापुरते येतात आणि पुढच्या हंगामाला पुन्हा येतात. हंगामी अध्यक्ष मात्र नव्या आमदारांना शपथ देतात, कायम अध्यक्ष निवडून येईपर्यंत काम बघतात आणि मोकळे होतात. तिथे अर्थ फक्त ‘तात्पुरता’. मला विचाराल तर तोच शब्द तिथे बरा होता, पण रूढी पडली ती पडली.

जाता जाता: अरबी ‘मौसिम’चंही असंच आहे. ऋतू, शिवाय ठरावीक वेळी भरणारी जत्रा. आपले मोसमी वारे त्यातलेच, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून आलेला मान्सूनही.

भाताला मात्र आमच्याकडे हा शब्द फारसा लागत नाही. लवकर पिकणारं हळवं आधी, उशिरा पिकणारं गरवं मागाहून, मग कापणी, झोडणी. पाण्याची सोय असेल तिथे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भातपीक. ‘खरीप हंगाम’ कृषी खात्याच्या पत्रकात.